आमची वाटचाल: बांधणी मात्र घरीच

सॅन होजेच्या स्टोरी रोड परिसरातलं आमचं किराणा दुकान एक मराठी आणि एक व्हिएतनामी, अशा दोन घरांच्या भागीदारीतलं. मूगडाळ, नारळ आणि गोठवलेली केळीची पानं दोन्हीकडचं गिऱ्हाईक नेतं. तेत, म्हणजे व्हिएतनामी नववर्ष, जवळ आला की हेच कप्पे आधी रिकामे होतात. त्यातूनच आमचा मुख्य धंदा उभा राहिला: बान्ह तेतचं घरगुती सामान. बान्ह तेत म्हणजे चिकट तांदळात मूगडाळ आणि मांसाचं सारण भरून, केळीच्या पानात बांधून उकळलेला तेतचा लांबट उंडा.

1975 नंतर इथे आलेल्या व्हिएतनामी पिढीच्या आज्या परसात मोठं पातेलं चढवून बान्ह तेत उकळत आणि चिकट तांदूळ पोत्यानं नेत. त्यांची नातवंडं आता अपार्टमेंटमध्ये राहतात, नवरा-बायको दोघंही नोकरीला, आणि तेत येतो आडवारी: 2025 मध्ये बुधवारी, 2026 मध्ये मंगळवारी. कॅलिफोर्नियानं 2022 मध्ये चांद्र नववर्षाला राज्याच्या सुट्टीचा दर्जा दिला, पण खासगी नोकरीत रजा टाकावीच लागते. पोत्यांचा खप घसरला आणि तयार बान्ह तेतची मागणी वाढली.

तयार माल आम्हीही ठेवतो. पण आजी, सून आणि मुलं एका चटईवर बसतात ती पानं बांधायला. तेवढं काम घरातून जाऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. म्हणून आम्ही वेळखाऊ तयारी आमच्याकडे घेतली. चार बान्ह तेतच्या संचात 2 किलो चिकट तांदूळ, 1 किलो सालं काढलेली मूगडाळ, पानांची दोन पाकिटं आणि सुती दोरा असतो. 1 किलो पोर्क बेली गिऱ्हाईक ताजी घेतं. शाकाहारी घरांसाठी केळं आणि काळ्या घेवड्याचं सारण. सांगून ठेवलं तर तांदूळ रात्रभर भिजवून, निथळून देतो. निथळणं महत्त्वाचं, कारण पाणी राहिलं की बान्ह तेत लवकर आंबतो.

सगळ्यात जास्त तक्रारी पानांच्या. गोठलेलं पान घाईनं उलगडलं की शिरेवर फाटतं. रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्यावं, पुसावं आणि पानगीसाठी करतो तसं आचेवरून फिरवावं. थर लावताना शिरा एकमेकींना आडव्या ठेवाव्यात, म्हणजे एक थर फाटला तरी दुसरा धरतो. दोरा साधारण दोन-दोन सेंटिमीटरवर. फार आवळला तर तांदळाला फुगायला जागा उरत नाही आणि मधला भाग कच्चा राहतो. सैल सोडला तर पाणी शिरून गिचका होतो.

पातेल्यात सहा ते आठ तास लागतात. पाणी कमी झालं की उकळतंच घालावं. विजेच्या प्रेशर कुकरमध्ये दीड-दोन तासांत होतं, पण लांबी 18 सेंटिमीटरच्या आत हवी आणि वाफ आपोआप उतरू द्यावी. झडप एकदम उघडली की पान फुटतं. तांदूळ नारळाच्या दुधात परतून घेतला तर आणखी लवकर शिजतो, मात्र कमी टिकतो. कापायला सुरी नको, ती चिकटते. सोडवलेला दोराच भोवती गुंडाळून ओढला की चकती स्वच्छ सुटते. हे काम मुलांकडे द्यावं, ती हटकून मागतात.

तयार मालाला कायद्याची अट आहे. कॅलिफोर्नियाच्या अन्नकायद्यात या पदार्थाची खास तरतूद असून तो फ्रिजबाहेर 24 तासच ठेवता येतो. शिळा माल आम्ही विकत नाही, म्हणून आगाऊ मागणी घेतो.

पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी आखूड उदबत्त्या ठेवू लागलो, कारण लांब उदबत्तीच्या धुरानं अपार्टमेंटमधला भोंगा वाजतो. मुलांना द्यायची लाल पाकिटंही असतात. त्यांत घालायच्या दोन डॉलरच्या कोऱ्या नोटा मात्र बँकेत वेळेवर सांगून ठेवाव्यात, तेतच्या तोंडावर त्या संपतात.

2027 चा तेत 6 फेब्रुवारीला, शनिवारी आहे. व्हिएतनाममधली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी सकाळी नऊ, गावी व्हिडिओ कॉल तेव्हाच लावावा. बांधणीसाठी 30-31 जानेवारी सोयीचे. बान्ह तेत गार झाले की फ्रिजमध्ये ठेवावेत आणि आयत्या वेळी वाफवावेत. संचाची नोंदणी जानेवारीच्या सुरुवातीला उघडू.