पाचशे रुपयांचं चलन आणि माझी पांढरी स्कॉर्पिओ

नाशिकच्या रविवार कारंजाला माझ्या गाडीवर नो पार्किंगचं चलन फाटलं, तेव्हा माझी गाडी पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यापलीकडे होती. चांदवडला साडूंच्या घरी वास्तुशांत होती, आम्ही चौघं सकाळीच निघालो होतो. चलनावरची वेळ ११ वाजून ३८ मिनिटं. टोल कापल्याचा फास्टॅगचा मेसेज ११ वाजून ३१ मिनिटांचा. मधलं अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. सात मिनिटांत हे अंतर कोणी कापून दाखवावं.

एवढी सरळ गोष्ट पटवून द्यायला मला सव्वादोन महिने आणि चार चकरा लागल्या. चलन रद्द झालं, पण डोक्यातून अजून गेलेलं नाही.

मेसेज आला तेव्हा आधी वाटलं फसवणूक आहे. आजकाल व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके फाइल येते, म्हणजे फोनमध्ये ॲप घुसवणारी फाइल, ती उघडली की बँक खातं साफ. तशी फाइल आली तर हात लावू नका. चलन खरं आहे का ते महाट्रॅफिकच्या ॲपवर किंवा सरकारी ई-चलनाच्या साइटवर स्वतः जाऊन बघा. गाडीचा नंबर आणि आरसी बुकावरच्या चेसी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की दिसतं. माझं दिसलं. पाचशे रुपये, आणि सोबत फोटो.

फोटोत पांढरी स्कॉर्पिओ होती. एका दुकानाच्या शटरसमोर तिरकी उभी, मागचं चाक रस्त्यात. क्षणभर मलाही ती आपलीच वाटली. मग पुढचा लोखंडी गार्ड दिसला. माझ्या गाडीला गार्ड नाही, कधीच नव्हता. काचांना काळी फिल्म होती. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हापासून मी कोणत्याही गाडीला ती लावलेली नाही.

साइटवर तक्रार टाकली. मुलगा पुण्याहून म्हणाला, "पप्पा, पाचशे भरा आणि मोकळे व्हा." बायकोही तेच म्हणाली. मी भरले नाहीत. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून वाढीव दंड लागू आहेत, पहिल्या वेळी पाचशे आणि पुढच्या वेळी दीड हजार. पण माझ्या दृष्टीने प्रश्न पैशांचा नव्हता. मी आयुष्यात कोणाच्या दारासमोर गाडी लावलेली नाही. आमच्या महात्मानगरच्या गल्लीत आमच्या फाटकासमोर किती जण लावून गेले ते मी मोजलेलं नाही. सासरे आजारी असताना एकदा त्यांना खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत न्यावं लागलं, कारण फाटकाला चिकटून कोणाची तरी गाडी होती आणि मालक जेवायला गेला होता. दुसऱ्याच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावायची नाही हे १९८९ च्या रस्ता नियमांपासून लिहिलेलं आहे. ते पाळणाऱ्या माणसाच्या नावावर हेच चलन यावं, हे मला सहन झालं नाही.

दहा-बारा दिवसांनी तक्रार बंद झाली. कारण काही नाही, फक्त चलन योग्य आहे एवढा शेरा. मग मी वाहतूक पोलिसांच्या एका कार्यालयात गेलो.

तिथल्या खिडकीबद्दल मला मनापासून लिहायचं आहे.

पहिल्या दिवशी पाऊण तास रांगेत उभा राहिलो. नंबर आला. खिडकीपलीकडच्या माणसाने कागद घेतला, गाडीचं नाव वाचलं आणि कागद तसाच परत सरकवला. "काका, स्कॉर्पिओ ना? स्कॉर्पिओवाले सगळे हेच म्हणतात." मी म्हटलं, साहेब, फोटो तरी बघा. ते म्हणाले, फोटोत पण स्कॉर्पिओच आहे. मागचा माणूस हसला. त्याच्या हातात छोट्या गाडीची किल्ली होती आणि त्याच्याकडे चार चलनं होती. त्याला मात्र कोणी गाडीचं नाव विचारलं नाही.

ही काय मानसिकता आहे? आपल्याकडे गाडीवरून माणूस ठरतो. फॉर्च्युनर दिसली की भावी नगरसेवक, थार दिसली की रील बनवणारं पोरगं, इनोव्हा म्हणजे साहेब नाहीतर शिर्डीचं भाडं, आणि स्कॉर्पिओ म्हणजे गुंठामंत्री. मी अंबडच्या एका कारखान्यात प्रेसशॉपला एकोणतीस वर्षं काढली. आम्ही गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबायचो. स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली आणि ती नाशिकच्या कारखान्यात बनायची. ती शहरात पहिल्यांदा रस्त्यावर दिसली तेव्हा आमच्या पाळीतली माणसं चहा सोडून फाटकाबाहेर बघायला आली होती. आपल्या गावात बनलेली गाडी म्हणून मी ती घेतली, तीही निवृत्तीच्या पैशांतून, सेकंडहँड. त्या गाडीच्या नावावरून मला खोटं ठरवलं गेलं.

दुसऱ्या चकरेला फास्टॅगचं स्टेटमेंट नेलं. वेळ, टोलनाका, गाडीचा नंबर, सगळं छापील. खिडकीत तेच गृहस्थ. "टॅग म्हणजे स्टिकर आहे काका. काढून दुसऱ्या गाडीला लावता येतो." वास्तुशांतीचे फोटो दाखवले. "फोटोत गाडी कुठंय?" नव्हती. पूजेच्या फोटोत गाडी कशाला असेल? मग त्यांनी सल्ला दिला की लोकअदालतीची तारीख आली की या, तिथे कमी करून देतात.

हा सल्ला तुम्हालाही मिळेल, म्हणून थांबून सांगतो. लोकअदालतीत तडजोड होते. ज्याने चूक केली आहे आणि दंड साचला आहे, त्याला ती सोय चांगली. पण तडजोड करायची म्हणजे थोडे तरी पैसे भरायचे, आणि भरले की चूक मान्य केल्यासारखंच. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग तुमची मर्जी. आणि मागच्याला हाक मारली.

त्या दिवशी शरणपूर रोडने घरी चालत आलो. गाडी नेलीच नव्हती, कारण त्या कार्यालयासमोर लावायला जागा नसते. सांगायचं राहिलं, रिक्षाने जा. नाहीतर चलन रद्द करायला गेलेला माणूस दुसरं चलन घेऊन येईल.

वाटेत मला नुसतंच दिसत होतं. दुसऱ्या रांगेत उभ्या गाड्या, पार्किंगचे दिवे उघडझाप करत. दिवे लावले की नियम माफ होतात असं लोकांना वाटतं. 'दोन मिनिटांत आलो' म्हणणारे वीस मिनिटं येत नाहीत. त्यांत सगळ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या, पाच लाखांची आणि चाळीस लाखांची शेजारी शेजारी. घरी येऊन चलनाचा फोटो पुन्हा उघडला तर त्याच्याही कडेला एक छोटी पांढरी आल्टो होती, स्कॉर्पिओच्या बाजूला दुसऱ्या रांगेत, अख्खी रस्त्यात. तिच्यावर चलन झालं की नाही देव जाणे.

त्याच रात्री खरी गोष्ट सापडली. कम्प्युटरवर फोटो मोठा करून मी नंबरप्लेट बघत बसलो. पत्र्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पत्रा कळतो. ती प्लेट साधी होती, रंगवलेली. आकडे फॅन्सी, गोलाईचे. शेवटचा आकडा ८ नव्हता, तो ३ होता, डावीकडे नक्षीची शेपटी काढलेला. आणि मुख्य म्हणजे प्लेट एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा खुणांची नंबरप्लेट, नव्हती. डाव्या कोपऱ्यात चक्राचा होलोग्राम नाही, खाली निळ्या अक्षरांतलं आयएनडी नाही, उठावाची अक्षरं नाहीत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती प्लेट बसवायची सक्ती झाली तेव्हा मुदत वाढायची वाट न बघता मी लगेच बसवून घेतली होती. पावतीवर तारीख होती, चलनाच्या पाच महिने आधीची.

माझ्या गाडीचा पुढून आणि मागून फोटो काढला, चलनाच्या फोटोशेजारी ठेवून रंगीत प्रिंट काढली, फरकांवर लाल पेनाने गोल केले. एचएसआरपीची पावती जोडली. अर्ज नव्याने लिहिला, फक्त आठ ओळी. आधीचा दोन पानांचा होता आणि त्यात माझा राग जास्त होता. लांब अर्ज कोणी वाचत नाही.

तिसऱ्या चकरेला खिडकी टाळली आणि सरळ आतल्या साहेबांना भेटायची वेळ मागितली. तिथे एक हवालदार ताई बसल्या होत्या. त्यांनी प्रिंट हातात घेतली आणि अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, "काका, हा तीन आहे." मला रडू यायचं बाकी होतं. त्यांनी ८ च्या जागी ३ टाकून बघितलं. तीही पांढरी स्कॉर्पिओच. एकाच विक्रेत्याच्या गाड्यांच्या फायली आरटीओत एकत्र जातात, म्हणून जवळजवळचे नंबर एकाच कंपनीच्या गाड्यांना लागतात. चलन करणाऱ्याने नंबर टाकला, मशीनवर पांढरी स्कॉर्पिओ दिसली, समोर पांढरी स्कॉर्पिओ उभी. त्याची फार चूक मी म्हणणार नाही. चूक त्या आकड्याला शेपटी काढणाऱ्याची आहे.

मालकाचं नाव ताईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या गाडीच्या नावावरची चलनांची यादी त्यांना खाली सरकवत न्यावी लागली, एवढं मी बघितलं. खिडकीतल्या माणसापेक्षा मला आता त्या मालकाचा राग जास्त येतो. गार्ड लावायचा, काचा काळ्या करायच्या, दुसऱ्याच्या शटरसमोर गाडी टाकून जायचं, आणि गाडीच्या नावाला जो डाग लागेल तो आमच्यासारख्यांनी पुसत बसायचं.

चौथी चकर फक्त सही केलेला कागद द्यायची होती. नंतर रोज सकाळी चहा पिताना ॲप उघडायचो. कोणी कळवत नाही, आपणच बघायचं. एका गुरुवारी थकीत चलनं शून्य दिसली. बायकोला हाक मारून दाखवलं. मग मुलाला स्क्रीनशॉट पाठवला.

दोन गोष्टी राहिल्या. फास्टॅगचं स्टेटमेंट आणि चलनाचा फोटो त्याच दिवशी उतरवून ठेवा, पुढे हातात कागद असलेला बरा. आणि अर्जाच्या दोन प्रती न्या. एक तिथे द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मागून घ्यायचा. पहिल्या दोन चकरांना मी हे केलं नाही. तिसऱ्या वेळी ताईंनी माझा जुना अर्ज शोधला, तर तो कुठेच नव्हता.