भाकरीपासून सुरुवात

रविवार, रात्री साडेनऊ

आज ज्वारीच्या भाकऱ्या, पिठलं आणि ठेचा. सगळं माझ्या हातचं. पिठलं-ठेच्याचं विशेष नाही, ते जमायला फार दिवस लागले नाहीत. लिहायचं आहे ते भाकरीबद्दल.

स्वयंपाक शिकायचं ठरवलं तेव्हा जो तो म्हणाला, आधी वरण-भात, मग पोळ्या, भाकरी नंतर बघू. मी भाकरीच धरून बसलो, आणि नवशिक्यानं तेच करावं असं मला आता मनापासून वाटतं. पोळ्यांची कणीक एकदाच भिजते. ती घट्ट झाली की शेवटच्या पोळीपर्यंत तशीच. भाकरीचं पीठ मात्र एकेका भाकरीपुरतं मळायचं. पहिली कडेला चिरली तर दुसरीला पाण्याचा हात थोडा जास्त, रगडणंही जास्त. फरक तिथल्या तिथे दिसतो.

आई सोलापूरहून व्हिडिओ कॉलवर असते. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवलेला. "रगड अजून. बोटांनी नको, तळहातानं." ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून गव्हासारखा चिवटपणा आपोआप येत नाही. कढत पाण्यानं त्यातला स्टार्च फुलतो, मग मळून मळून पीठ एकजीव होतं. पण पीठ जुनं असलं, त्याची विरी म्हणजे चिकटपणा गेलेला असला, की भाकरी थापताना तुटतेच. म्हणून मालदांडी ज्वारी आणून ठेवलीय आणि गिरणीतून आठवड्यापुरतंच दळून आणतो.

थापताना परातीत पीठ भुरभुरायचं आणि हाताच्या हलक्या दाबानं भाकरी फिरती ठेवायची. आज ती गरागरा फिरली! पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, ते सुकत आलं तशी उलटली. खालची बाजू भाजल्यावर तवा उतरवून थेट आचेवर धरली, तर टम्म फुगली. पापुद्रा सुटला, त्यात तेल-ठेचा घालून तिथेच उभ्यानं खाल्ली. आई म्हणाली, "आता बाबांना दाखव." बाबांनी फोन हातात घेऊन बराच वेळ भाकरी पाहिली आणि विचारलं, "पीठ कुठल्या ज्वारीचं?" त्यांनी असं विचारलं याचाच मला आनंद झाला.

भोगीला तीळ लावून बाजरीची करायची आहे. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, त्यामुळे दळण आदल्या दिवशीच आणेन.