म्हैसमाळचा चढ जमला, गाडीत बसून राहणं जमेना

रात्रभर डोंगरातून रिले पळालो, म्हणजे एकाने पळायचं आणि बाकीच्यांनी गाडीत बसून आपल्या पाळीची वाट बघायची, असं सांगितलं की लोकांचे प्रश्न ठरलेले, बिबट्या दिसला का, भीती नाही वाटली का, पाय किती दुखले. गाडीत बसून कसं काढलं हे कोणीच विचारत नाही, आणि सगळ्यात जास्त त्रास तर तिथंच झाला, म्हणून लिहितेय. कुणाला करायची असेल तर कामाला येईल.

आयडिया आमच्या ग्रुपमधल्या सरांची. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये हूड टू कोस्ट नावाची रिले १९८२ पासून होते, बारा जणांची टीम, दोन गाड्या, ३६ टप्पे, डोंगरावरून निघून थेट समुद्रापर्यंत. आता मराठवाड्यात समुद्र कुठून आणायचा, म्हणून सर म्हणाले आपण संभाजीनगर ते कन्नड करू, मधे म्हैसमाळ चढून उतरू. ८० किलोमीटरच्या वर जातं. सहा जण, प्रत्येकाला दोन टप्पे, एक क्रुझर आणि पळणाऱ्यासोबत सायकलवर कॉलेजातली दोन पोरं आळीपाळीने. स्पर्धा वगैरे काही नाही, आपलेच आपण. गौताळ्याचं नाव पण निघालं होतं, पण अभयारण्यात रात्री कोण सोडणार, ते तिथंच बारगळलं.

घरी कसं सांगायचं याचं मला टेन्शन होतं, पण सासूबाईच म्हणाल्या, हनुमान जयंतीला अख्खं शहर रात्रीतून खुलताबादच्या भद्रा मारुतीला चालत जातं, तुम्ही पळत जा, त्यात काय. झालं, विषय संपला. वर गुळाच्या दशम्या करून दिल्या डबाभर.

डिसेंबर घेतला कारण उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री पण डांबर तापलेलं असतं. नगर नाक्यावरून आठला निघालो. हातात द्यायला काठी नको म्हणून दस्ती घेतली, मनगटाला बांधायची आणि पुढच्याला सोडून द्यायची, घाम पुसायला पण तीच, त्यामुळे मध्यरात्रीनंतर ती दस्ती कुणाला हातात घ्यावीशी वाटत नव्हती ही गोष्ट वेगळी. चमकणारं जाकीट सगळ्यांना, कपाळावर टॉर्च, पाठीवर लाल लुकलुकणारा दिवा, आणि पळायचं उजव्या बाजूने म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. यात सरांनी कुणाचं काही ऐकलं नाही, बरंच झालं.

शरणापूर, दौलताबाद पटपट झालं. दिल्ली दरवाज्यातून रोड जातो तिथं दिवसा गाड्यांची कोंडी असते, रात्री आमचा गडी एकटाच आतून पळत गेला. तिथं बँकेतला मित्र म्हणाला तुघलकाने १३२७ ला दिल्लीहून इथं राजधानी हलवली तेव्हा लोकांना इथवर यायला लावलं, आणि तुम्ही पंधरा किलोमीटरला रडताय. पुढचा घाट त्याच्याच वाट्याला होता, कागजीपुऱ्याच्या पुढं गप्प झाला.

माझा टप्पा खुलताबाद ते म्हैसमाळ, १२ किलोमीटर, सगळा चढ. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे आणि म्हैसमाळ हजाराच्या वर, त्यातला बराच चढ या रस्त्याला. मी अकराला निघाले. खरं सांगू, मजा आली. जिथं छाती भरून येते तिथं चालायचं, पुढच्या झाडापासून परत पळायचं, असं मी आधीपासूनच ठरवलं होतं आणि कुणी काही म्हणो तसंच केलं. बिबट्या नाही दिसला, कुत्री मात्र भेटली. कुत्र्यांपुढे पळायचं नाही, थांबायचं, सायकल मधे घ्यायची आणि हळू चालत निघायचं, पळालं की ती मागं लागणारच. वर गिरिजामातेच्या मंदिराकडे वळता वळता वारा असा लागला की कान दुखायला लागले. दस्ती दिली, गाडीत बसले, म्हटलं झालं आपलं अवघड काम.

कुठलं काय! एक वाजत आला होता आणि माझा दुसरा टप्पा साडेचारच्या आसपास, म्हणजे मधे साडेतीन तास. पहिली दहा मिनिटं अंग गरम असतं तेव्हा वाटतं कशाला कपडे बदलायचे, आणि नेमकं तेव्हाच बदलायचे असतात, ओल्या टीशर्टवर स्वेटर घातला तर आतून थंडी भरते. मी लगेच कपडे बदलले, दशमी खाल्ली, मीठ-साखरेचं पाणी प्यायले. तरी तासाभराने पोटऱ्या आखडायला लागल्या. पाय लांब करायला जागा नाही, शेजारी बँकवाला घोरतोय, कुणीतरी बाम चोळतोय त्याचा वास, आणि प्रत्येक टप्प्याला दार उघडलं की गार हवा आत. झोप लागली असं वाटतं आणि खुलताबादला चहासाठी गाडी थांबते. चहा घेतला की झोप गेली, नाही घेतला तर डोकं दुखतं.

म्हैसमाळ उतरणारा तर माझ्यापेक्षा बेजार. सगळ्यांनी त्याला चिडवलं होतं की तुला फुकटचा उतार मिळाला, पण उतारावर मांड्यांना सतत ब्रेक लावावा लागतो, त्यात स्नायू चढापेक्षा जास्त दुखावतात. वेरूळच्या पुढं गाडीतून उतरताना तो दाराला धरून उतरत होता. वेरूळला घृष्णेश्वराला गाडीतूनच हात जोडले.

पुढचे ३० किलोमीटर तसे सपाटच, प्रत्येकाला पाच-पाच. कागदावर सोपं वाटतं. पहाटे चारच्या आसपास शरीराचं तापमान दिवसभरातलं सगळ्यात कमी असतं, झोप तेव्हाच सगळ्यात जास्त येते, आणि त्याच वेळी मला हतनूरच्या अलीकडे उतरवलं. पहिली पाचशे पावलं मी म्हातारीसारखी टाकली. नंतर अंग सुटलं. रोडवर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, लाईट एकाला पण नाही आणि गाणी मात्र फुल्ल. एकाने माझ्याजवळ येऊन ट्रॅक्टर हळू केला आणि विचारलं, काय झालं ताई, कोणी मागं लागलंय का? म्हटलं नाही दादा, कन्नडला चाललोय. तो म्हणाला मग बसा की ट्रॉलीवर. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.

म्हणून माझं मत विचाराल तर रिलेची तयारी करताना किलोमीटर वाढवण्यापेक्षा एकदा तरी संध्याकाळी पळून, तीन-चार तास बसून, रात्री परत उठून पळून बघा. आणि शक्य असेल तर दोन गाड्या करा. एका गाडीत सगळे असले की प्रत्येक टप्प्याला सगळेच जागे होतात. दुसरी गाडी पुढं जाऊन थांबली तर निम्म्या लोकांना सलग दोन तास आडवं तरी होता येतं. त्या अमेरिकेवाल्यांनी दोन गाड्या का ठेवल्यात ते मला हतनूरला कळलं. आम्ही डिझेलचा खर्च वाचवायला गेलो होतो.

कन्नडला पोचलो तेव्हा उजाडायचं होतं अजून. दोघं म्हणायला लागले औट्रम घाट उतरून चाळीसगाव गाठू, पण सर म्हणाले तिकडं खानदेश सुरू होतो, तिथला रिले तिथले लोक पळतील. मग टपरी उघडायची वाट बघत बसलो, पोहे खाल्ले, दोन प्लेट. पुढच्या वर्षी अंबाजोगाईकडून बालाघाटात करायचं चाललंय. गाडीवाले मामा यायला तयार आहेत, अट एकच घातली त्यांनी, गाडीत बाम उघडायचा नाही.