देगाची ‘लेत्वाल’ अर्ध्या मापात: दुसऱ्या ठशावर पेस्टल

नकलेचं काम कुठवर आलं: दोन्ही ठसे (प्लेटवरून कागदावर काढलेले छाप) वाळलेत, विंगा आणि रंगमंचाची जमीन झाली, टुटू (बॅले नर्तकीचा झिरझिरीत घेरदार झगा) निम्मा उतरलाय. चेहरा आणि गळ्याची काळी फीत बाकी.

फ्रेंच चित्रकार एदगार देगाचं हे चित्र साधारण १८७६ मधलं. ‘लेत्वाल’ म्हणजे तारका, बॅलेतली मुख्य नर्तकी. मूळ ५८.४ × ४२ सेंमी, पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. निम्म्या मापात ते जवळपास ए४ होतं, त्यामुळे छोट्या छपाईच्या प्रेसवरही बसतं. नक्कल करणारे बरेच जण थेट टिंटेड (रंगाची झाक असलेल्या) कागदावर पेस्टल, म्हणजे रंगीत खडू, लावायला घेतात आणि मग टुटू खडूसारखा पांढराफटक का दिसतो ते कळत नाही. मूळ पेस्टल मोनोटाइपवर, म्हणजे शाई लावलेल्या गुळगुळीत प्लेटवरून काढलेल्या ठशावर, केलेलं आहे. आधी काळ्या शाईचा ठसा, वर रंग. मोनोटाइपची ही वाट देगाला चित्रकार लुदोविक लपिकने दाखवली. त्या दोघांच्या सह्या असलेला एक ठसा वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तेव्हा या चित्राची नक्कल करायची तर प्लेटपासूनच करायला हवी.

प्लेट: ३ मिमी जाडीची पारदर्शक ॲक्रिलिक शीट, २९.२ × २१ सेंमी. कडा कानशीने तिरप्या घासून घेतल्या. तशाच ठेवल्या तर ओला कागद कडेवर फाटतो. छाप उलटा येतो, म्हणून चित्राची आरशातली प्रत शीटखाली चिकटवली. खालच्या उजव्या भागातली नर्तकी प्लेटवर डावीकडे आली पाहिजे. एवढं एकदा बोट ठेवून तपासावंच.

शाई जवसाच्या तेलातली, एचिंगची (धातूच्या प्लेटवरून छापायची) काळी. शेंगदाण्याएवढे दोन गोळे या मापाला पुरतात. रोलरचा आवाज ऐकत राहा: थर बरोबर असेल तर बारीक, एकसारखी चरचर येते. चिकट, पचपच आवाज आला की शाई जास्त झाली. अशी प्लेट दाबली की शाई कडेने पसरते आणि बारीक उजेड बुजतात. आख्खी प्लेट काळी करून मग उजेड पुसून काढायचा. टुटूसाठी सुती चिंधी, हातांसाठी कापूस गुंडाळलेली काडी, विंगेतल्या नर्तकींसाठी बोटाचं टोक. काळ्या सुटातला तो माणूस, ज्याचं डोकं नेपथ्यामागे झाकलंय, त्याला हात लावायचा नाही. भोवतालचं पुसलं की तो आपोआप उभा राहतो.

कागद ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटन. २५ मिनिटं पाण्यात, मग टीपकागदात दाबून. वर पाण्याची चमक दिसत असेल तर थांबा, कारण तेलाची शाई त्या चमकेवर बसत नाही आणि काळ्यात पांढरे ठिपके पडतात.

पहिला ठसा गडद आणि देखणा आला. तरी पेस्टलसाठी तो बाजूला ठेवला. पुन्हा शाई न लावता त्याच प्लेटवरून लगेच दुसरा कागद काढला. तो फिका, धुरकट. देगाही पेस्टलसाठी बऱ्याचदा असाच दुसरा ठसा घ्यायचा. पहिल्या ठशात शाईचा थर जाड आणि तुकतुकीत असतो, कागदाचा रवा (वरचा खरखरीतपणा) त्याखाली बुजतो, खडू नुसता घसरतो. दुसऱ्यात थर पातळ नि मॅट असतो आणि कागदाची पकड शाबूत राहते.

वाळायला एरवी पाच-सात दिवस, पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत दुप्पट धरा. टिशू ठेवून अंगठ्याने दाबायचं. डाग उमटला तर शाई अजून ओली. ओल्या शाईवर पेस्टल फिरवलं की चिखल होतो आणि तो सुधारता येत नाही.

पेस्टल सॉफ्टच हवेत. दुकानात नुसतं ‘पेस्टल’ मागितलं की ऑइल पेस्टल हाती पडतात, ते इथे निरुपयोगी. आधी नेपथ्याचे तपकिरी, हिरवट पट्टे आडव्या खडूने, अगदी हलक्या हाताने. बोटाने घोटायचं नाही, घोटलं की रवा भरतो आणि पुढचा रंग धरत नाही.

आता टुटू. काळ्यावर पातळ पांढरं फिरवलं की ते निळसर राखाडी दिसतं. खडूच्या बारीक कणांतून निळा उजेड जास्त विखुरतो आणि खालचा काळा बाकीचा गिळतो. झिरझिरीत कापडाची सावली अशी फुकटात मिळते, वेगळा निळा लावावाच लागत नाही. उजेडाच्या जागी मात्र आधी फिका पिवळा, मग त्यावर पांढऱ्याचे मोजके दाबून मारलेले फटकारे. हा क्रम उलटा केला की पिवळा पांढऱ्यात मिसळतो आणि कापड मळकट होतं. फुलांचे लाल-केशरी ठिपके अगदी शेवटी, एका दाबात, पुन्हा न गिरवता.

चेहऱ्याला घाई नको. उजेड फूटलाइटचा, म्हणजे खालून येणारा: हनुवटीखालचा भाग, गळा आणि नाकाचा तळ उजळ, कपाळ त्यामानाने अंधारात. सवयीने हात वरून उजेड टाकतो आणि सगळी रंगभूमी तिथेच नाहीशी होते. या मापात चेहरा नखाएवढाच आहे, म्हणून टोक काढलेली पेस्टल पेन्सिल. फीत त्यानंतर, खांद्यावरून मागे उडणारी, एका रेघेत.

फिक्सेटिव्ह (खडू कागदाला धरून ठेवणारा फवारा) फक्त खालच्या थरांवर मारलंय, ४० सेंमीवरून दोन हलके हात. शेवटच्या पांढऱ्यावर मारायचं नाही, तो विझतो. सुटी भुकटी तोंडाने फुंकू नका. बोर्ड उभा धरून मागून टिचकी मारा, आणि मास्क लावा. फ्रेमला काचच घ्यायची, ॲक्रिलिक स्थिर विजेने भुकटी ओढून घेतं. काच आणि कागद यांत ५ मिमी पट्टी ठेवायची.