बसरा स्मारकावरचा एक डॉर्सेट शिपाई

इंग्लंडमधल्या एका कुटुंबाने पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या माणसाच्या शोधासाठी मला पाठवलेली माहिती एका ओळीची होती. पणजोबांचा धाकटा भाऊ, साधा प्रायव्हेट, दुसरी डॉर्सेट पलटण, 'कुतच्या लढाईत पडला'. नाव इराकमधल्या बसरा स्मारकावर, मृत्यूची तारीख 31 जुलै 1916.

खटकली ती तारीखच. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत-अल-अमारा गावात अडकलेलं ब्रिटिश-हिंदी सैन्य 147 दिवसांच्या वेढ्यानंतर 29 एप्रिल 1916 ला तुर्कांना शरण गेलं. त्यानंतर तीन महिन्यांनी तिथे लढाईत मरणार कोण? शिवाय अशा नोंदींत महिन्याचा शेवटचा दिवस दिसला की सावध व्हावं. नेमका दिवस ठाऊक नसताना कारकून तो लिहून मोकळा होई.

ही पलटण आपल्या ओळखीची. महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिचा तळ पुण्यात होता. 117 वी मराठा पलटण तिच्याच 16 व्या ब्रिगेडमध्ये. नोव्हेंबर 1914 मध्ये दोघी मेसोपोटेमियाच्या किनाऱ्यावर फावला उतरल्या, शैबाला लढल्या, टेसिफॉनच्या लढाईत पुष्कळ माणसं गमावून कुतमध्ये अडकल्या.

सेवापुस्तिका मिळाली नाही. सप्टेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधलं कोठार जळालं आणि पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे निम्म्याहून अधिक कागद गेले. मग बाजूच्या कागदांवरून माणूस उभा करावा लागतो.

पदकाच्या कार्डावर युद्धक्षेत्र '5ब', म्हणजे मेसोपोटेमिया, आणि उतरल्याची तारीख नोव्हेंबर 1914. पदक मात्र '1914-15 स्टार'. ही चूक नाही. '1914 स्टार' फक्त फ्रान्स-बेल्जियममध्ये गेलेल्यांना होता.

खरा खड्डा पुढे होता. दुसऱ्या डॉर्सेटचा प्रत्येक जण कुतमध्ये नव्हता. जखमेतून बरे झालेले आणि नव्या भरतीचे शिपाई बाहेर राहिले. फेब्रुवारी 1916 मध्ये त्यांची नॉरफोक पलटणीच्या शिपायांबरोबर एक जोडपलटण बनली, तिला 'नॉर्सेट्स' म्हणत, आणि ती वेढा फोडायला लढत होती. आपला माणूस आत की बाहेर, हे ठरल्याशिवाय पुढचं सगळं वाया.

त्यासाठी जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडचे युद्धकैद्यांचे कागद बघितले. तुर्कांकडून आलेल्या या याद्यांत नावं आधी अरबी लिपीत आणि मग फ्रेंच वळणाने लिहिलेली. ऱ्हस्व स्वर गळतात, आणि वाव हे एकच अक्षर व, ओ, उ या तिन्हींसाठी येतं. म्हणून नावाने शोधू नये, पलटणीने शोधावं आणि नंबर ताडावा. एक नाव जवळपास जुळत होतं, पण चार आकडी नंबरात शेवटी 8 च्या जागी 7. त्या लिपीत सात म्हणजे वर तोंड उघडलेला कोन, आठ म्हणजे तोच पालथा. घाईत उतरवताना हीच गल्लत होते. डॉर्सेटच्या पदकनोंदीत तो 7 वाला नंबर दुसऱ्याच माणसाचा निघाला, आणि तो माणूस युद्धानंतर जिवंत होता. कैदी आपलाच. मृत्यूचं ठिकाण आजच्या सीरियातलं रास अल-ऐन, महिना जुलै.

दुसरा आधार पैशांचा. मृत शिपायांच्या येणे रकमेच्या वहीत युद्ध-बक्षिसाचा आकडा असतो. परदेशी गेलेल्या प्रायव्हेटला पहिल्या बारा महिन्यांचे 5 पौंड, पुढे दर महिन्याला 10 शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड. इथे रक्कम 11 पौंड. म्हणजे 5 अधिक 6, सहा पौंडांचे बारा महिने, एकूण चोवीस. नियमित शिपायाची गणना 4 ऑगस्ट 1914 पासून होते, तेव्हा हिशोब जुलै 1916 वर येतो. मात्र हा पुरावा एकटा वापरू नये. कचेरीने गृहीत धरलेल्या तारखेवरही हीच रक्कम निघते.

मरण कशाने आलं ते कुटुंबाला कळवणं अवघड होतं, पण मऊ करून सांगणं मला पटत नाही. वेढ्याच्या अखेरीस पाव चार-पाच औंसांवर आला होता, बाकी घोड्याचं मांस. शरणागतीनंतर कुतजवळच्या शुमरानच्या तळावर तुर्की बिस्किटं मिळाली. दगडासारखी, पाण्यात भिजवून खाल्लेली, आणि उपाशी आतड्यांनी ती सोसली नाहीत. पुढे बगदाद, सामरापर्यंत रेल्वे, मग तिक्रित, मोसुल, नुसायबिन करत रास अल-ऐनपर्यंत पायी. पुष्कळांनी अन्नासाठी बूट विकले होते. कुतला पकडलेल्या सुमारे अडीच हजार ब्रिटिश शिपायांपैकी 1,700 हून अधिक परतले नाहीत.

या माणसाचा माग लागला, कारण त्याचं नाव दगडावर होतं. त्याच स्मारकाच्या पटलांवर हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीगणिक फक्त आकडा दिला. बरोबर चाललेल्या मराठा शिपायांवरचा हा अन्याय राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या 2021 च्या अहवालात मान्य झाला आहे.

कुटुंबाला पाठवलेल्या फाइलमध्ये कार्ड, वहीचं पान आणि जिनिव्हाची नोंद, तिन्हींच्या प्रती लावल्या. 'लढाईत पडला' हे खोडून 'रास अल-ऐन येथे कैदेत मृत्यू, जुलै 1916' असं लिहिलं. दिवसाची जागा कोरी ठेवली.