तिथी बघून ठाणे खाडीत

ठाणे खाडीत पक्ष्यांचे फोटो काढायचे, तर लेन्सच्या आधी तिथी बघावी लागते. आपल्याकडच्या कोळ्यांचा हिशेब तोंडी असतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊण, सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास. ऐरोली खाडीत आत असल्यामुळे तिथे पाणी जरा उशिरा चढतं, एवढं धरून चालायचं. ऐन भरतीत चिखल पाण्याखाली आणि पक्षी कुठेतरी आडोशाला. ठार ओहोटीला पक्षी लांब, आणि बोट घालायला पाणीच नाही. मी अष्टमीची सकाळ धरली. भांगाचे दिवस, पाणी फार चढत नाही, चिखलाची वरची पट्टी लवकर उघडी पडते.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात. वेळ भरतीवर ठरते, म्हणून आपल्याला हवी ती वेळ मागून उपयोग नाही; आधी चौकशी करून बुकिंग केलं. ऐरोली खाडीच्या पूर्वेला असल्याने सकाळी पश्चिमेकडे बघताना ऊन पाठीशी असतं. भांडुपच्या काठावरून सकाळी हेच पक्षी काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात.

ट्रायपॉड घरीच ठेवला. इंजिनची थरथर त्याच्या पायांतून सरळ कॅमेऱ्यात चढते. त्यापेक्षा कोपर पोटाशी दाबून हातात धरलेला बरा. शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या खाली जाऊ दिला नाही. काळ्या चिखलावर पांढरा पक्षी असला की कॅमेरा फसतो आणि पिसं नुसती पांढरीफटक येतात, म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवलं.

छोट्या रोहितांचा, म्हणजे लेसर फ्लेमिंगोंचा, थवा दिसताच बोटीतल्या एकाने टाळ्या वाजवल्या. "काका, जरा उडवा ना!" बोटवाल्या काकांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "खायला आलेत ते." मला काकांचं पटलं. उडत्या रोहितांचे फोटो ढिगाने आहेत. चोच उलटी करून पाणी गाळणारा रोहित बघायला मिळतोय, तर तो बघावा. छोट्या जातीच्या रोहिताची चोच गडद लाल-काळी, मोठ्या जातीच्याची गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. लांबून ओळखायला हे पुरतं.

खरी मजा मात्र काठाशी होती. निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, चिखलावर उड्या मारत होत्या, पाठीवरचा पर ताठ करून एकमेकींना दटावत होत्या. शेजारी लांब पायांच्या शेकाट्या, त्यापलीकडे गॉडविट नावाचे लांब चोचीचे पाणपक्षी, चोच मुळापर्यंत चिखलात खुपसलेली. तिवरांच्या मुळांशी एक कोल्हा क्षणभर दिसला, कॅमेरा वळवेपर्यंत गेलासुद्धा.

घरी फोटो मोठे करून बघताना एका गॉडविटच्या पायावर रंगीत झेंडा सापडला. बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) अभ्यासक पाणपक्ष्यांच्या पायात अशा खुणा घालतात, स्थलांतर कळावं म्हणून. फोटो तसा भिकार, डोकं चिखलात आणि पाय तेवढे फोकसमध्ये. पण त्यावरची अक्षरं वाचता येत होती. तारीख, वेळ, जागा लिहून तोच पाठवून दिला. रोहितांचे चांगले आलेले अजून हार्ड डिस्कवरच पडलेत.