अळणी पाण्यापासून खलादेत्सपर्यंत: माझा अनुभव

रशियात 31 डिसेंबरच्या रात्री टेबलावर काही पदार्थ असतातच. ऑलिव्ये सॅलड, बिटाच्या थराखाली झाकलेली खारवलेली हेरिंग, टोपलीभर संत्री, आणि खलादेत्स. हाडं आणि मांस तासन्‌तास मंद आचेवर ठेवून, त्यांचाच रस थंड करून थिजवलेला हा पदार्थ. मॉस्कोत संसार मांडल्यावर पहिली काही वर्षं मी तो फक्त खात होते, करायचं काम सासूबाईंचं. मग त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, अख्खा दिवस शेगडीपाशी उभं राहणं जमेना. तेव्हा मी म्हटलं, या वर्षी मी करते, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे रविवारी मटण शिजतं तेव्हा आधी अळणी निघतं. हळद, मीठ, आलं-लसूण एवढ्यावरच शिजलेल्या मटणाचं पाणी. ते वाटीत घालून आधी पोरांना देतात आणि मग त्याच पाण्यातून तांबडा आणि पांढरा रस्सा होतो. खलादेत्स समजून घेताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या अळणीचा. फरक इतकाच की खलादेत्सवर पुढे काही चढत नाही. वाटण नाही, कांदा-खोबरं भाजणं नाही, वरून कट नाही. जी चव यायची ती हाडांतून, कातडीतून आणि मांसातूनच पाण्यात उतरली पाहिजे. पाणी गढूळ झालं, वास राहिला, मीठ कमी पडलं, तर झाकायला हाताशी मसाला नाही. म्हणूनच या पदार्थात सगळी मेहनत सुरुवातीच्या निवडीत आणि नंतरच्या धीरात आहे.

मांस घ्यायला आम्ही कीयेव्स्काया मेट्रोजवळच्या दोरोगोमिलोव्स्की बाजारात गेलो. सुपरमार्केटमध्ये 'खलादेत्ससाठी' असं लिहिलेली तयार पाकिटं मिळतात, पण सासूबाईंना पाय हातात घेऊन, उलटसुलट करून, हुंगून बघायचे असतात. माझ्या माहेरी डुकराचं मांस कधीच आलं नव्हतं, त्यामुळे मी लक्ष देऊन बघत होते. पाय पुढचे घ्यायचे, त्यांना मांस जास्त असतं. कातडी जाळावर धरून केस जाळलेली, पिवळसर-तपकिरी असली पाहिजे. पांढऱ्याफटक, नुसत्या धुतलेल्या पायांना तो खरपूस वास येत नाही. विक्रेत्याकडून पाय उभे करवतीने चिरून घ्यायचे. सत्तूर मारला की हाडाच्या बारीक कपच्या उडतात आणि त्या नंतर घासात सापडतात.

पायांबरोबर रूल्का घेतली, म्हणजे पायाच्या वरचा, गुडघ्याजवळचा मांसल तुकडा, कातडीसकट. बऱ्याच रशियन घरांत यात गाईच्या किंवा बैलाच्या नळीचं मांसही घालतात. मी गोमांस खात नाही, तेव्हा सासूबाईंनी स्वतःच टर्कीची तंगडी सुचवली. शिवाय एक कोंबडा, तोही वयस्क. कोवळी ब्रॉयलर कोंबडी तासाभरात विरघळते आणि रसाला काही देत नाही. थिजण्याची ताकद पायांची, मांस रूल्क्याचं आणि टर्कीचं, आणि चव कोंबड्याची, असा त्यांचा हिशोब. हे प्रमाण मला अजूनही पटतं. नुसत्या पायांचा खलादेत्स रबरासारखा घट्ट होतो आणि नुसत्या मांसाचा थिजतच नाही.

घरी आल्यावर सगळं गार पाण्यात भिजत घातलं, रात्रभर. मधे एकदा पाणी बदललं. यात रक्त सुटतं आणि कातडी मऊ होते. सकाळी सुरी घेऊन कातडी खरवडायला बसले. खुरांच्या बेचक्यात काळं साचलेलं असतं, ते नीट काढावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली तर पुढच्या सात तासांना अर्थ उरत नाही.

मग पहिलं पाणी. मोठ्या पातेल्यात मांस बुडेल एवढं गार पाणी घालून उकळी आणली. राखाडी फेसाचा जाड थर वर आला. पाचेक मिनिटं उकळू देऊन सासूबाई म्हणाल्या, ओतून दे. माझा हात थांबला. मटणाचं पाणी मोरीत ओतणं हे कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला सहज जमत नाही. पण त्या पाण्यात जातं ते गोठलेलं रक्त आणि गाठी झालेली प्रथिनं. ती राहिली तर रस कायमचा गढूळ. पाणी ओतलं, मांस नळाखाली एकेक तुकडा धरून धुतलं, पातेलंही घासलं.

दुसरं पाणी हेच खरं पाणी. मांसाच्या वर साधारण 5 सेंटिमीटर. आमच्याकडे अडीच किलोच्या आसपास मांस-हाडं होती, त्याला चार लिटरच्या थोडं आत पाणी लागलं. हे शेवटचंच पाणी. नंतर वरून घालायचं नाही, कारण एकीकडे आटवून दाट करायचं आणि दुसरीकडे पातळ करायचं यात काही मिळत नाही. आटेल हे धरूनच आधी मोजून घालायचं.

आता आच. सगळा खलादेत्स इथे ठरतो. उकळी यायला लागली की लगेच गॅस इतका मंद करायचा की पातेल्याच्या कडेला अधूनमधून एखादा बुडबुडा फुटेल, मधलं पाणी जवळजवळ स्थिर. झाकण थोडं सरकवलेलं. सासूबाई खुर्चीवरून सारख्या कान देऊन ऐकत होत्या. खळखळ ऐकू आली की म्हणायच्या, "कमी कर, अजून कमी." याचं कारण मी नंतर नीट समजून घेतलं. कातडीत, सांध्यांत, स्नायूबंधांत जे कोलॅजेन असतं त्याचं पाण्यात राहून, साधारण 70 अंशांच्या पुढे, हळूहळू जिलेटिन होतं. त्यासाठी खळखळा उकळायची गरजच नसते, फक्त वेळ लागतो. जोरात उकळलं तर चरबीचे बारीक कण पाण्यात मिसळून बसतात आणि रस दुधाळ होतो. तो कितीही गाळला तरी परत स्वच्छ होत नाही.

भारतातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न कुकरचा असतो. कुकरमध्ये रस थिजण्याइतका दाट नक्की होतो, आणि फार लवकर होतो. इथे कितीतरी घरांत मल्टीकुकरवर रात्रभर लावून झोपतात. मला मात्र उघडं पातेलंच आवडतं. फेस काढता येतो, चरबी किती सुटली ते दिसतं, रसाचा रंग बदलताना दिसतो. हा पदार्थ बघत बघत करायचा आहे असं मला मनापासून वाटतं.

सात तास लागले. चार तास झाल्यावर अख्खं गाजर आणि धुतलेला कांदा सालासकट टाकला. सालाने रसाला सोनेरी रंग येतो. आईला व्हिडिओ कॉलवर पातेलं दाखवलं तर ती म्हणाली, "हळदसुद्धा नाही? मग पिवळं कशानं झालं?" कांद्याच्या सालाने, हे ऐकून तिने लगेच अळणीत करून बघायचं ठरवलं. काळी मिरी आणि ऑलस्पाइसचे चार दाणे कांद्याबरोबरच गेले. तमालपत्र मात्र अगदी शेवटच्या पंधरा मिनिटांत घालायचं आणि मग काढून टाकायचं, जास्त वेळ राहिलं तर रस कडवट होतो. मीठही शेवटी, कारण पाणी किती आटणार ते आधी कळत नाही. आणि मीठ घालताना गरम रस चाखून थोडा खारट लागेल इतकं घालायचं. गार झाल्यावर जिभेला मीठ कमी जाणवतं. गरम असताना बरोबर लागलेला खलादेत्स सणाच्या दिवशी फिका लागतो.

झालं हे कसं ओळखायचं? मांस हाडापासून आपोआप सुटतं, ही एक खूण. दुसरी, अधिक खात्रीची: रसाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन बोटं दाबली की ती चिकटतात, सोडवताना ओढ जाणवते. तरी शंका असेल तर बशीत चमचाभर रस घालून फ्रिजमध्ये ठेवायचा, थोड्या वेळात कळतं. सासूबाई जिलेटिनची पुडी घरात ठेवत नाहीत. त्यांच्या मते ती झलिव्नोयसाठी. तो वेगळा पदार्थ, त्यात मासा किंवा जीभ स्वच्छ केलेल्या रसात मांडतात आणि रस जिलेटिन घालून थिजवतात. खलादेत्सने आपल्या पायांवर थिजायला हवं.

मांस परातीत काढून कोमट झाल्यावर हाताने सोडवायला घेतलं. डुकराच्या पायात बोटांची इतकी लहान हाडं असतात की बघून भागत नाही. प्रत्येक घास बोटांनी चाचपायचा, एकदा मी, एकदा सासूबाई. आम्ही दोघी टेबलाशी समोरासमोर बसून हेच करत होतो आणि त्या मला त्यांच्या आजोळच्या खेड्याबद्दल सांगत होत्या. कडाक्याची थंडी पडली की डुक्कर कापायचं, चांगले भाग विकायचे किंवा खारवायचे, आणि डोकं, पाय, कान यांचा खलादेत्स घरासाठी. थंडी हाच तेव्हाचा फ्रिज. मांसाचे धागे हातानेच मोकळे करायचे, मिक्सरचं नाव काढायचं नाही. शिजलेल्या कातडीचा थोडा भाग बारीक चिरून मांसात मिसळला. सगळ्यात शेवटी कच्चा लसूण ठेचून त्यात कालवला, भरपूर. तो रसात उकळला तर वास मरतो.

खोलगट काचेच्या भांड्यांत निम्म्याच्या आत मांस पसरलं आणि मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळलेला रस हळू हळू वरून ओतला. काही जण तळाशी उकडलेल्या अंड्याच्या चकत्या, गाजराची फुलं मांडतात. सासूबाई काही मांडत नाहीत आणि मलाही ते तसंच आवडतं. रसातून मांसाचे धागे स्वच्छ दिसले की सजावटीची गरज वाटत नाही.

थिजवायला बाल्कनी की फ्रिज, हा मॉस्कोत ऋतूचा प्रश्न आहे. काच लावलेल्या बाल्कनीत तापमान शून्याच्या थोडं वर असेल तर उत्तम, पण बाहेर उणे दहा-पंधरा असताना तिथे ठेवलं तर खलादेत्स गोठतो. गोठणं आणि थिजणं या दोन वेगळ्या गोष्टी. बर्फाचे खडे जिलेटिनची जाळी फाडतात, आणि नंतर वितळलं की पाणी वेगळं सुटतं. आम्ही भांडी गार होऊ दिली आणि रात्रभर फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवली. सकाळी वर पांढऱ्या चरबीचा पातळ थर होता. तो वाढण्याच्या वेळेपर्यंत राहू द्यायचा, त्याखाली खलादेत्स सुकत नाही. मग चमच्याने काढून टाकायचा.

खलादेत्सबरोबर खायला दोन गोष्टी लागतात: किसलेलं हॉर्सरॅडिश, ज्याला इथे ख्रेन म्हणतात, आणि मोहरी. ख्रेनचं मूळ मोहरीच्याच कुळातलं, त्याचा तिखटपणा जिभेला लागत नाही, थेट नाकात जातो. आणि रशियन मोहरीची गोष्ट मला विशेष जवळची आहे. व्होल्गाकाठी, आजच्या व्होल्गोग्राडमध्ये, सारेप्ता नावाची वसाहत जर्मन स्थलांतरितांनी 1765 साली वसवली आणि तिथल्या मोहरीने पुढे नाव कमावलं. ती सारेप्ताची मोहरी वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने आपल्या मोहरीच्याच जातीची. लोणच्यासाठी मोहरी फेसताना जो झणका नाकात जायचा तोच मला मॉस्कोत खलादेत्सच्या घासाबरोबर मिळाला. मिरची मी इथे कधीच मागितली नाही. तेवढी मोहरी पुरते.

वाढताना चौकोनी तुकडे कापायचे, सोबत काळा राय ब्रेड. इथे 1 जानेवारी हा 1948 सालापासून सुट्टीचा दिवस झाला आणि घरातला मोठा सण तोच. पण जे ऑर्थोडॉक्स उपवास पाळतात त्यांचा उपवास 6 जानेवारीपर्यंत चालतो, त्यामुळे सासूबाईंची एक शेजारीण 31 तारखेला आमच्या टेबलावर बसूनही खलादेत्सला हात लावत नाही. तिच्यासाठी एक भांडं 7 जानेवारीच्या ख्रिसमसला वेगळं ताजं करावं लागतं. तीन-चार दिवसांपलीकडे मी ठेवत नाही. उरलाच तर गरम करून सूप म्हणून संपवते.

मागच्या सुट्टीत कोल्हापूरला आईच्या ओट्यावर हाच प्रयोग बकऱ्याच्या पायांवर केला. मटणवाल्याकडे खूर भाजून मिळतात, त्यामुळे अर्धं काम झालेलं होतं. सोबत गावरान कोंबडा. पद्धत तीच: पहिलं पाणी टाकून द्यायचं, आच मंद, सालासकट कांदा. छान थिजलं. मात्र बकऱ्याची चरबी लवकर घट्ट होते आणि टाळूला चिकटते, त्यामुळे वरचा थर अगदी पूर्ण खरवडून काढावा लागतो. ख्रेन नव्हतं, म्हणून मोहरी फेसून घेतली, त्यात मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू. आणि एक गोष्ट तिथे करणाऱ्यांनी ध्यानात ठेवा: जिलेटिन तिशीच्या आसपासच्या तापमानाला वितळायला लागतं. एप्रिल-मेमध्ये पंक्तीत आधी मांडून ठेवाल तर ताटात रस्सा होईल. ताटं, ब्रेड, मोहरी सगळं तयार ठेवा, माणसं बसू द्या, आणि खलादेत्स फ्रिजमधून सर्वांत शेवटी बाहेर काढा.